गाव सोडण्याआधी तिथल्या विहिरीचे पाणी चाखा



वर्षाच्या ऋतूंप्रमाणे आमच्या कार्यालयात येणारे प्रश्नही बदलतात. मृगाच्या तोंडावर बियाणे आणि खत, दिवाळीच्या पुढे हरभऱ्यावरची घाटेअळी. शिमगा सरला आणि विहिरींनी तळ दाखवला की मात्र कोणी एखादा खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून विचारतो, "साहेब, इथले विकून दुसरीकडे जावे म्हणतो. कुठे जावे?"

हा प्रश्न कृषी खात्याच्या कोणत्याही पुस्तिकेत नाही. पण तीस वर्षांच्या नोकरीत पाच-सहा जिल्हे पाहिले, येणारी-जाणारी पुष्कळ कुटुंबे पाहिली, आणि एका कुटुंबाच्या बाबतीत माझ्या हातून चूकही झाली. त्या भांडवलावर आज तुमच्याशी चार गोष्टी बोलणार आहे.

यंदाच्या फाल्गुनात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले एक जोडपे आले होते. पाच एकर मुरमाड जमीन, एक विहीर, ती पौषातच आटलेली. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, घरी म्हातारी आई. घरधनी म्हणाला, "पूर्णेच्या खोऱ्यात आमचे एक पाहुणे नोकरीला आहेत. ते म्हणतात, इथल्या पाच एकराच्या पैशात तिकडे दुप्पट जमीन येईल. जमीन काळीभोर, नांगराला दगड म्हणून लागत नाही. दुसरीकडे मेहुणा म्हणतो, चाकणला ये, कंपनीत लावून देतो. आता तुम्ही सांगाल तिकडे जातो."

त्यांची कारभारीण शेजारी बसली होती. ती काहीच बोलली नाही. पूर्णेचे खोरे म्हटल्याबरोबर माझ्या मात्र पोटात गोळा आला. त्याचे कारण सांगतो.

२००३ साली मी वऱ्हाडात नोकरीला होतो. त्या वर्षी साताऱ्याकडच्या माण-खटाव भागात भीषण दुष्काळ होता, जनावरे छावण्यांत बांधली होती. तिकडचे एक कुटुंब जमीन पाहायला पूर्णेच्या खोऱ्यात आले. तालुक्यात कृषी खात्याचा माणूस आहे असे कळल्यावर मला शेतावर घेऊन गेले. दिवस पावसाळा सरतानाचे होते. कपाशी कमरेला लागलेली, तूर हिरवीगार. मी माती हातात घेतली, बांधावरच्या चरात उतरून खोली पाहिली. चार फुटांपर्यंत काळी माती. मी म्हणालो, "जमीन उत्तम आहे." खोटे काही बोललो नाही, पण विहिरीवर गेलो नाही. ते गेले नाहीत आणि मीही गेलो नाही.

वऱ्हाडातल्या वाचकांच्या लक्षात आले असेलच. तो खारपाण पट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंना तो पसरला आहे. वरून पाहिले तर जमीन अशी की डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याने पाहताच मिठी मारावी. पण खालचे पाणी खारे. पिऊन पाहिले तर मचूळ, आणि पिकाला दिले तर काही वर्षांत जमीन चोपण होते. वर पांढरे फुटते, पाणी मुरत नाही आणि वाळले की ढेकूळ दगडासारखे होते. तिथला जुना शेतकरी हे जाणतो. तो पावसावर कपाशी, तूर, मूग घेतो, जमिनीतल्या ओलीवर हरभरा घेतो आणि विहिरीच्या नादी लागत नाही. आता काही जण शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठवून एखादे-दुसरे संरक्षित पाणी देतात. म्हणजे ती जमीन वाईट नव्हे, तिची रीत वेगळी. पण माणदेशातून आलेल्या त्या कुटुंबाने जमीन घेतली होती ती विहीर पाडून बागायत करण्यासाठी.

विहीर पाडली, पाणी लागले, आणि ते खारे निघाले.

बाकीच्या अडचणी मग एकेक कळत गेल्या. मुरमाड रानात सकाळी पाऊस उघडला तर दुपारी कुळव धरता येतो. या काळ्या रानात वाफसा यायला आठ-आठ दिवस जात, तोवर तणाने डोके वर काढलेले. घर बांधले तर उन्हाळ्यात जमीन भेगाळून भिंतींना तडे गेले, कारण काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. तिथे पाया कसा घ्यायचा हे गावचा गवंडी जाणत होता, पण यांनी गवंडी आपल्या मुलखातून आणला होता. कोळप्याला तिकडे डवरा म्हणतात आणि कुळवाला वखर. शब्द चार दिवसांत शिकता येतात, पण कपाशीच्या बोंडाकडे पाहून मजूर कधी बोलवावेत हे शिकायला त्यांचे तीन हंगाम गेले. उन्हाळ्यात पिण्याचे पाणी लांबून आणण्याचे काम घरातल्या दोन सुनांच्या वाट्याला आले. पुढे उरमोडीचे पाणी माण-खटावच्या काही गावांत पोचले, आणि त्यांनी विकलेल्या रानाचा भाव असा चढला की त्यांना ते परत घेणे शक्य राहिले नाही. थोरल्या भावाने मला एकदाच म्हटले, "साहेब, तुम्ही माती बघितली, पाणी नाही बघितले." रागाने नव्हे, नुसते म्हणाला. ते अजून माझ्या कानात आहे.

तेव्हापासून कोणी विचारले की मी पहिली अट घालतो. जायचे ठिकाण वैशाखात पाहून या. पावसाळ्यात सगळीच गावे हिरवी दिसतात. महाबळेश्वरात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून घाट उतरून वाईत आले की तो हजाराच्याही आत येतो, हे अंतर तासाभराच्या प्रवासाचे. तेव्हा जिल्ह्याच्या सरासरीवर जाऊ नका, त्या गावच्या पर्जन्यमापकाचे आकडे तालुक्याला मागा. मुक्कामाला जा, दोन दिवस राहा. विहिरीचे पाणी चाखा आणि धुतलेल्या बाटलीत भरून आणा. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत थोड्या पैशांत त्याची क्षारता कळते. ती पाऊणच्या आत असेल तर बहुतेक पिकांना चालते. पाऊण ते सव्वादोनच्या दरम्यान असेल तर जमीन निचऱ्याची हवी आणि पीक क्षार सोसणारे हवे. सव्वादोनच्या वर गेली तर त्या विहिरीच्या भरवशावर बागायतीचे स्वप्न पाहू नका. मातीसाठी वरवरचा नमुना पुरत नाही, तीन-चार फुटांचा खड्डा घ्या आणि दर फुटाची माती वेगळी तपासा. विकणारा खड्डा घेऊ देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरी अट, आधी विकू नका. याला भावनेपेक्षा कायद्याचे कारण मोठे आहे. महाराष्ट्रात शेतजमीन खरेदी करायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. आपली सगळी जमीन विकून पैसे पेटीत ठेवले आणि मग नवी पाहायला निघालात, तर शेतकरी असल्याचा पुरावा काय दाखवणार? अशी अडकलेली माणसे मी पाहिली आहेत. व्यवहार आधी नव्याचा करा, किंवा जुन्यातला काही भाग नावावर राहू द्या. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे हवा तेवढा लहान तुकडा ठेवता येईलच असे नाही. ते तलाठी भाऊसाहेबांना आधीच विचारून घ्या.

नव्या जमिनीचा सातबारा काढाल तेव्हा नुसते नाव आणि क्षेत्र पाहू नका, इतर हक्काचा रकाना वाचा. कर्जाचा बोजा, कुळाची नोंद, पुनर्वसनाचा शिक्का, सारे तिथे असते. भोगवटादार वर्ग २ असे लिहिले असेल तर परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही, आणि आदिवासी बांधवाच्या जमिनीच्या वाटेला तर जाऊच नका. दलाल म्हणतो, "स्टॅम्पवर लिहून देतो." तो कागद कोर्टात टिकत नाही. मागच्या तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या, मोजणी करून घ्या, शेताला रस्ता कोणाच्या बांधावरून आहे ते शेजाऱ्याला विचारा, दलालाला नको. हे सगळे होईपर्यंत इसाराचा रुपया देऊ नये.

तिसरी गोष्ट मी इतिहासावरून सांगतो, कारण आपल्याच लोकांनी ती करून दाखवली आहे. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. पुढे प्रवरा आणि गोदावरीचे कालवे झाले. सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांना विहिरीच्या पाण्यावर ऊस पिकवण्याचे आणि गूळ करण्याचे कसब होते. त्यांनी पाहिले की पाणी आपल्याकडे येत नाही, तर आपण पाण्याकडे जावे. कालव्याखालच्या गावांत ते गेले, पण जाताच जमिनी घेत सुटले नाहीत. स्थानिक शेतकऱ्यांकडून जमीन खंडाने केली, पीक काढले, माणसे आणि माती ओळखली. पुढे भाटघरचे धरण होऊन नीरेचा उजवा कालवा आल्यावर माळशिरस तालुक्यात त्यांची वस्ती उभी राहिली, साखर कारखाना निघाला आणि माळीनगर हे नाव नकाशावर आले. त्यांनी कसब बरोबर नेले आणि एकदोन हंगाम खंडाने करून मग पाय रोवले, हे ध्यानात घ्या. आजही एक वर्ष खंडाने किंवा वाट्याने जमीन करून पाहता येते. फार तर एक हंगाम वाया जाईल, पण जन्माची जमीन जाणार नाही. करार मात्र लेखी असावा.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागाचे. तिथली माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरली आणि केरळपासून पंजाबपर्यंत पसरली. त्या मुलखांत त्यांची भाषा कोणाला येत नव्हती. पण पहिल्या दिवशी ती धर्मशाळेत उतरली नाहीत, ती कोणा गाववाल्याच्या भट्टीवर उतरली. पोरगा आधी मदतनीस, मग भागीदार, मग स्वतःच्या दुकानाचा मालक. आणि गावचे घर आणि रान बहुतेकांनी सोडले नाही. जत्रेला गाड्या भरून माणसे येतात. १९९० च्या दशकात काम सुरू झालेल्या टेंभू योजनेचे पाणी तिकडच्या शिवारात पोचायला वर्षानुवर्षे गेली, पण पोचले तेव्हा ज्यांचे रान नावावर होते त्यांनी डाळिंब लावले, द्राक्षे लावली. ज्यांनी विकले होते ते जत्रेला येऊन दुसऱ्याची बाग पाहून गेले. म्हणून म्हणतो, निघण्याआधी आपल्या गावाच्या वाट्याला कोणत्या योजनेचे पाणी मंजूर आहे, काम कुठवर आले आहे, हे पाटबंधारे खात्यात विचारा. पुढाऱ्याच्या भाषणावरून ठरवू नका. येणार म्हणूनही नको आणि येणार नाही म्हणूनही नको.

आता चाकणचे. शहराला मी नावे ठेवणार नाही, माझा स्वतःचा पुतण्या तिथे नीट नांदतो आहे. पण पगाराचा आकडा ऐकून हुरळू नका. एका कागदावर आपले आजचे घर मांडा. ज्वारी घरची, दूध घरचे, सरपण बांधावरचे, राहते घर स्वतःचे. यातले काहीच आपण उत्पन्नात धरत नाही. शहरात याच प्रत्येकाला पैसे पडतात, वर खोलीची अनामत रक्कम आणि अकरा महिन्यांनी बदलणारा करार. नोकरी कंपनीची की ठेकेदाराची, भविष्य निर्वाह निधी कापतात का, हे मेहुण्याला स्पष्ट विचारावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. घरातल्या एकाने आधी जाऊन सहा महिने राहावे, मग बिऱ्हाड न्यावे. रेशनचे एक बरे झाले आहे. अन्नसुरक्षा यादीत नाव असेल तर २०२२ पासून देशात कुठल्याही राज्यात अंगठा लावून धान्य उचलता येते. मुलांचेही, आठवीपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पण नववी-दहावीतले मूल मधेच उपटू नका. आणि राज्याची हद्द ओलांडणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा, आपल्याकडचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या आरक्षणाला चालत नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर घर सोडण्याचे कारण काय ते आधी पाहावे. मुलांच्या शाळेसाठी जायचे असेल तर पुण्यापर्यंत जायची गरज नसते, तालुक्याच्या गावी एक खोली केली तरी भागते आणि घरधनी मोटारसायकलवर शेताला जाऊन येऊ शकतो. या मधल्या वाटेचा विचार का कोण जाणे फार थोडे लोक करतात. पाण्यासाठी जायचे असेल तर वर सांगितले तसे पाणी पाहून जावे. आणि कर्जापायी जायचे असेल तर थांबा, कारण सावकार आणि बँक दोघांनाही तुमचा नवा पत्ता सापडतो. त्यासाठी आधी बँकेत बसून पुनर्गठनाचे बोला.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. गाव बदलण्याचा अनुभव घरात सर्वांत जास्त कोणाला असतो? २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक माणसे जन्मगावाबाहेर किंवा आधीच्या गावाबाहेर राहत असल्याचे नोंदले गेले, आणि त्यांत बायकांचे गाव बदलण्याचे सर्वांत मोठे कारण होते लग्न. म्हणजे आपल्या प्रत्येक घरात एक माणूस असे आहे की जे अनोळखी गावात येऊन, तिथले पाणी, तिथली बोली, तिथली माणसे अंगवळणी पाडून राहिले आहे. जमीन पाहायला जाताना गाडीत चार पुरुष बसतात आणि हे माणूस घरी डबा बांधून देते.

त्या बालाघाटाच्या जोडप्याला मी हे सगळे सांगितले, माझी २००३ सालची चूकही सांगितली. तेव्हा कुठे ती बाई बोलली. म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा पहिल्यांदा विचारले होते की पाणी कुठून आणायचे. सासूबाईंनी आड दाखवला. तिथल्या बायका कुठून आणतात, एवढे मला बघायचे आहे."

वैशाखात ते दोघेही जाऊन आले. तो शेत पाहत फिरला, ती वस्तीवर बसली. परत आल्यावर तिने पिशवीतून पाण्याची एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "चहा केला होता त्या पाण्याचा, साहेब. दूध नासले." गावातल्या बायकांनी तिला सांगितले होते की पिण्याचे पाणी नळयोजनेचे येते, पण उन्हाळ्यात दिवसाआड-दोन दिवसांआड. विकणाऱ्याने मात्र विहिरीला बारमाही पाणी आहे एवढेच सांगितले होते, आणि तेही खरेच होते.

बाटली प्रयोगशाळेत पाठवली. क्षारता ३.१ आली. घरधन्याने कागद दोन वेळा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, "मग पावसावर हरभरा, तूर करायची म्हटली तर?" मी म्हणालो, करता येईल, पण त्यासाठी आईला आणि दोन लेकरांना घेऊन इतक्या लांब जायचे का, ते तुम्ही घरी बसून ठरवा.

मृगाच्या आठ दिवस आधी तो बियाणे घ्यायला आला होता. तुरीचे आणि बाजरीचे नेले. मुलीची दहावी होईपर्यंत हलायचे नाही असे घरात ठरले आहे. तोवर हिवाळ्यात तो चार महिने मेहुण्याकडे राहून चाकणचे पाहून येणार आहे. शेततळ्याचा अर्ज भरून दिला आहे, त्याचे कागद या आठवड्यात पाहतो म्हणून मी सांगितले. जाता जाता दारात थांबून म्हणाला, "ती म्हणते, चाकणलाही मी एकदा येऊन बघणार."